आबांची आरएक्स १०० : जुन्या मोटारसायकलचा भाव खरोखर वाढतो का?

इचलकरंजीतील एका घराच्या जिन्याखाली, ताडपत्रीने झाकून ठेवलेली यामाहा आरएक्स १०० आता विकावी की आणखी काही वर्षे ठेवावी, या प्रश्नावरून जानेवारी २०२६ मध्ये दोन सख्ख्या भावांत मतभेद झाला. थोरल्या भावाशी माझा जुना परिचय असल्याने ‘एकदा हिशेब बघून सांगा’ अशी विनंती माझ्याकडे आली, आणि दोन रविवार मी त्या जिन्याखाली घालवले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडले आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

गाडी नोव्हेंबर १९९४ ची, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची. सूतगिरणीत नोकरीला असलेल्या वडिलांनी, म्हणजे घरच्यांच्या आबांनी, ती १९९९ साली पहिल्या मालकाकडून १८,००० रुपयांना घेतली आणि पुढची चोवीस-पंचवीस वर्षे तिच्यावरूनच पाळ्या केल्या. मार्च २०२४ मध्ये ते वारले आणि गाडी तेव्हापासून उभी राहिली. कोल्हापुरातील एका गॅरेजवाल्याने ती पाहून ‘आहे तशी’ ८५,००० रुपये बोलले. थोरल्याचे म्हणणे, आलेला भाव घ्यावा आणि जागा मोकळी करावी. धाकटा पुण्यात नोकरीला असतो, त्याचे उत्तर ठरलेले होते : “दादा, दोन वर्षं थांब. दीडाच्या खाली जात नाही ती.”

हा ‘दीड’ कुठून आला, हे विचारल्यावर त्याने मोबाइलवर विक्रीच्या जाहिराती दाखवल्या. जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याच्या इच्छेचा आकडा असतो. सौदा किती रुपयांना ठरला हे जाहिरात सांगत नाही. ज्या गाडीची जाहिरात सहा महिने हलत नाही, तिचा भाव दीड लाख आहे असे म्हणण्यापेक्षा ती दीड लाखाला विकली जात नाही असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. तरीही धाकट्याचे म्हणणे निव्वळ हवेत होते असे नाही. एकतीस वर्षांच्या, सुरू न होणाऱ्या गाडीला खरेदीच्या पावणेपाच पट रक्कम कोणी रोख द्यायला तयार होतो, ही गोष्ट मुळात विचार करण्याजोगी आहे.

त्याच घरात थोरल्या भावाची २००२ सालची स्प्लेंडर होती. ती चालू स्थितीत, सगळ्या कागदांसह, २०२३ मध्ये ११,००० रुपयांना गेली आणि घेणाऱ्याने त्यातही पाचशे कमी करून घेतले. स्प्लेंडर ही आरएक्सपेक्षा वाईट गाडी होती असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. रोजच्या वापराला ती केव्हाही उजवी. परंतु १९९४ मध्ये बाजारात आलेली स्प्लेंडर, रूप थोडेफार बदलून, आजही शोरूममध्ये मिळते. जी वस्तू नवी मिळते तिच्या जुन्या नगाला कोणी जपत नाही, आणि अशा जुन्या नगाची किंमत नव्याच्या किमतीला बांधलेली राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि साध्या सेकंडहँड गाड्यांच्या दलालांना आपापले भाव खाली घ्यावे लागले. आरएक्सच्या बाजाराला त्याचे काही घेणेदेणे नव्हते, कारण तिची जागा घेणारी नवी गाडीच शोरूममध्ये नाही.

आरएक्स १०० एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ च्या अखेरीस आणली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांपासून जोडलेल्या होत्या आणि त्यांचे भाव आजही वेगळे बोलले जातात. इंड-सुझुकी, हीरो होंडा, कावासाकी बजाज या साऱ्या शंभर सीसीच्या गाड्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने आल्या, पण ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनातून अकरा अश्वशक्ती आणि एकूण वजन जेमतेम शंभर किलो हे गणित फक्त हिच्याकडे होते. मूठ पिळली की पुढचे चाक हलके होते, हा अनुभव ज्यांनी कॉलेजात असताना दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून घेतला, ते आज हिचे गिऱ्हाईक आहेत. १९९६ मध्ये प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि त्याच वर्षी तिचे उत्पादन थांबले; पुढे १३५ सीसीच्या भावंडांनी काही वर्षे गादी चालवली, पण मान या शंभरलाच राहिला.

येथे राजदूत ३५० ची आठवण काढणे भाग आहे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनेच काढलेली ही गाडी त्या काळात महाग आणि पेट्रोलपिऊ म्हणून बदनाम झाली, फारशी खपली नाही, आणि मोजकीच रस्त्यावर आल्यामुळे आज तिचा भाव आरएक्सच्या कितीतरी वर आहे. आरएक्स १०० मात्र दहा वर्षे भरपूर खपली. गावोगावी, गोठ्यांत, जिन्यांखाली अशा गाड्या अजून पडून आहेत, आणि भाव थोडा वर गेला की त्यांतल्या काही बाहेर येतात. म्हणून दुर्मीळ हा शब्द तिला लावताना जपून लावावा. गाडी दुर्मीळ नाही. न छेडलेली, म्हणजे मूळ रंगात आणि मूळ भागांत फेरफार न झालेली गाडी दुर्मीळ आहे. धाकट्या भावाच्या हिशेबातली मूळ चूक याच दोन गोष्टी एक समजण्यात होती, आणि ती पहिल्याच रविवारी उघडी पडली.

त्या दिवशी आम्ही ताडपत्री काढली, हँडलखालच्या मानेवरची धूळ आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसली, आरटीओत घेतात तसा चेसिस क्रमांकावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली. ‘१एल१’ ने सुरू होणारा क्रमांक कागदावर अक्षर न् अक्षर उमटला आणि आरसी बुकाशी जुळला. फॅक्टरीचे पंचिंग होते, ग्राइंडर लागल्याची खूण नव्हती. मग इंजिनाची पाळी आली. तोच कागद, तीच पेन्सिल. पण उमटलेला क्रमांक आरसी बुकातला नव्हता. शेवटचे तिन्ही अंक वेगळे.

गॅरेजवाल्याला हे कळवणे थोरल्याला प्रामाणिकपणाचे वाटले आणि त्याने फोन केला. पाच मिनिटांत ८५,००० चे ५२,००० झाले. तेहतीस हजारांचा हा फरक कोणत्याही लोखंडाचा नव्हता. इंजिन तेच, आवाज तोच. परंतु नोंदीत नसलेल्या क्रमांकाचे इंजिन म्हणजे घेणाऱ्यासाठी दोन धोके असतात : एक तर ते दुसऱ्या, कदाचित चोरीच्या गाडीचे असू शकते, आणि आरएक्सच्या चोऱ्या आमच्या भागात नव्या नाहीत, दुसरे म्हणजे इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बंधनकारक आहे, आणि त्यासाठी इंजिन कोठून आले याची पावती दाखवावी लागते. येथे पावती नव्हती. काम करणारा मेस्त्रीही हयात नव्हता.

उलगडा आईंनी केला. २००४ मध्ये जयसिंगपूरच्या अलीकडे चेन तुटली, पुढच्या दातेरी चक्रात अडकली आणि तिने क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचा, तुकडा उडवला. मेस्त्रीने कुठूनतरी दुसऱ्या क्रँककेसची जोडी आणून बसवली. क्रमांक त्या जोडीवर होता, म्हणून इंजिनाचा क्रमांक बदलला. “जुनं टाकायचं नाही म्हणाले होते ते. माळ्यावर बघा,” असे आई म्हणाल्या. माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे, एका गोणपाटात ती तडकलेली जोडी तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली. क्रमांक आरसी बुकातला होता.

या शोधाने घरात जो उत्साह पसरला तो मला थोडा आवरावा लागला, कारण पैशाचा मूळ प्रश्न अजून बाकी होता. आबांची एक डायरी आहे, तिच्यात गाडीचा खर्च आणि अधूनमधून आलेली मागणी टिपलेली आहे. तिच्यावरून गाडीच्या किमतीची रेषा काढता येते आणि ती सरळ नाही. १९९९ मध्ये १८,००० ला घेतलेली गाडी २००९ मध्ये, पंधरा वर्षांची नोंदणी संपून पहिले नूतनीकरण करताना, एका एजंटाने ९,००० ला मागितली होती. आबांनी नाही म्हटले. म्हणजे पहिली दहा वर्षे गाडीने इतर कोणत्याही गाडीसारखी निम्मी किंमत गमावली, आणि चढ त्यानंतरच्या सोळा वर्षांत आला.

आता ८५,००० हा वरचा आकडा धरू, बदललेल्या इंजिनाचे तूर्त विसरू. १८,००० चे सव्वीस वर्षांत ८५,००० म्हणजे वर्षाला सुमारे सहा टक्के चक्रवाढ. महागाईचा दर ढोबळमानाने सहा टक्के धरला तर त्या अठरा हजारांची आजची किंमतच ८२,००० च्या आसपास येते. म्हणजे गाडीने महागाईशी बरोबरी केली, एवढेच. तीच रक्कम आठ टक्क्यांनी पडून राहिली असती तर १,३३,००० झाली असती. १९९९ मध्ये अठरा हजारांत चार तोळे सोने सहज येत होते, आणि २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला, हे मी सांगितल्यावर आईंनी क्षणभर गाडीकडे ज्या नजरेने पाहिले ते येथे लिहीत नाही. तळाच्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये ९,००० ला घेणाऱ्याला मात्र पंधरा टक्क्यांच्या घरात परतावा मिळाला असता. परंतु त्या वर्षी दहा ग्रॅम सोने पंधरा हजारांच्या आसपास होते. सोन्यानेही पुढे जवळपास तेवढीच झेप घेतली, आणि सोन्याला सर्व्हिसिंग लागत नाही.

आबांवर यात काही दोष येत नाही. त्यांनी गाडी वापरायला घेतली होती आणि पंचवीस वर्षे वापरली. त्यांच्या दृष्टीने तिचे पैसे केव्हाच फिटले होते. दोष येतो तो मागे वळून या चढाला गुंतवणूक म्हणणाऱ्या आणि तीच रेषा पुढे ओढणाऱ्या विचारावर.

पुढच्या काळाचा अंदाज करताना गिऱ्हाईक कोण आहे, हे आधी पाहिले पाहिजे. १९८५ ते १९९६ या काळात जे अठरा ते पंचवीस वर्षांचे होते ते आज अठ्ठेचाळीस ते सहासष्ट वर्षांचे आहेत. मुले मार्गी लागलेली, घराचे हप्ते फिटलेले आणि हाताशी थोडा मोकळा पैसा असलेले, असे हे वय आहे. मागणीचा जोर आज आहे त्याचे कारण हेच, आणि माझ्या मते हा जोर शिखराच्या जवळ आहे. आणखी दहा वर्षांनी यांतल्या कितीजणांचे गुडघे किक मारू देतील, हा प्रश्न विनोदी वाटला तरी बाजारासाठी खरा आहे. दुसरी लाट रीलवर आवाज ऐकून आलेल्या विशीतल्या मुलांची आहे. ती मागणी वाढवते, पण सायलेन्सर काप, पोर्ट (इंजिनातले वायूचे मार्ग) कोर, रंग बदल या मार्गाने चांगल्या गाड्याही संपवते. त्यामुळे एकूण आरएक्सचा भाव कुठे जाईल हे सांगता येत नसले, तरी न छेडलेली गाडी आणि बाकीच्या गाड्या यांतले अंतर वाढत जाईल असे मी धरतो.

नियमांची बाजू दोन्ही भावांनी जवळजवळ विचारात घेतलीच नव्हती. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली आणि घरात दुःख असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. दुचाकीला उशिराच्या दर महिन्याला ३०० रुपये, म्हणजे चौदा महिन्यांचे ४,२०० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारसायकलचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे. त्यावर पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नंबर प्लेटचे ४५० आणि जीएसटी, मालकाच्या मृत्यूमुळे वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, आईंचे व दुसऱ्या भावाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र, त्रयस्थ पक्ष विम्याचे ७१४ रुपये आणि जीएसटी, पीयूसी. एजंट धरून सारे दहा हजारांच्या घरात गेले. हे पैसे गाडीची किंमत वाढवत नाहीत, ती शून्य होऊ देत नाहीत. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर बंदी आली तेव्हा तिथल्या चांगल्या गाड्यांनाही परराज्यात जाण्यासाठी एनओसीची (ना हरकत प्रमाणपत्राची) वाट पाहत पडेल भावात उभे राहावे लागले. नियम एका अधिसूचनेने बदलतो, आणि तो धोका जाहिरातीतल्या दीड लाखात कुठेच धरलेला नसतो.

विंटेज म्हणून नोंदणी होईल, ही धाकट्याची आशा मी तारखा मांडून बाजूला ठेवली. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात असलेल्या वाहनालाच ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि नंतर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ही गाडी पन्नाशी गाठणार २०४४ मध्ये.

विमा हाही असाच विषय. इतक्या जुन्या गाडीला कंपन्या सहसा फक्त त्रयस्थ पक्षाचे संरक्षण देतात, म्हणजे गाडी चोरीला गेली तर एक रुपया मिळत नाही. लाखाची वस्तू विम्याशिवाय जिन्याखाली ठेवणे आणि तिला मालमत्ता म्हणणे, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत.

राहिला प्रश्न रीस्टोरेशनचा. धाकट्याने पुण्यातून ७०,००० चा अंदाज आणला होता : टाकीला नवा रंग, नवे क्रोम, नव्या रिम, इंजिन पूर्ण खोलून. ५२,००० ची गाडी, १०,००० चे कागद, ७०,००० चे काम, एकूण १,३२,०००. दोन वर्षांनी ती खरोखर दीड लाखाला गेली तरी वर्षाला साडेसहा टक्के सुटतात, बँकेच्या मुदत ठेवीइतके, आणि तेही गिऱ्हाईक भेटले तर. शिवाय टाकीवर आबांच्या वेळचा, म्हणजे कंपनीचा रंग होता. डाव्या बाजूला गुडघ्याने घासून पिवळट पडलेला, पण मूळचा. तो खरवडून चकचकीत रंग मारला की गाडी न छेडलेल्यांच्या यादीतून कायमची बाहेर जाते. जाणता घेणारा नव्या रंगाखाली काय लपले असेल याचा विचार आधी करतो, आणि जुन्या रंगाला जास्त पैसे देतो.

माझा सल्ला असा होता : रंगाला हात लावू नये, माळ्यावरची जोडी आर्गन वेल्डिंग करून पुन्हा बसवावी, कागद पूर्ण करावेत, आणि मग विकायची की ठेवायची हे ठरवावे. वेल्डिंग, लेथवर पृष्ठ सरळ करणे, बेअरिंग, ऑइल सील आणि मजुरी मिळून १४,५०० झाले. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरे नव्या प्रकारची टाकून घेतली, कारण आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तीस वर्षांपूर्वीचे रबर बनवलेलेच नव्हते, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते पेट्रोल साठवून ठेवले तर आतून गंज धरतो. टू-स्ट्रोकचे काम जाणणारा मेस्त्री मिळवायला तीन गॅरेजे फिरावी लागली. पहिल्या दोघांनी ‘पार्ट मिळतात, हात मिळत नाही’ असे स्पष्ट सांगितले.

मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणीच्या दिवशी दोन्ही क्रमांकांचे पेन्सिल प्रिंट घेतले, आरसीशी ताडून पाहिले आणि सही केली. त्यानंतर त्याच गॅरेजवाल्याने ८०,००० बोलले. हिशेब असा : ५२,००० वरून ८०,०००, म्हणजे अठ्ठावीस हजारांची वाढ; तिच्यासाठी कागदांचे दहा आणि इंजिनाचे साडेचौदा असे साडेचोवीस हजार गेले. महिनाभराच्या खटपटीचे साडेतीन हजार.

थोरल्याने ते साडेतीन हजार पाहून हसून घेतले आणि विक्रीचा आग्रह सोडला. त्याचे म्हणणे, एवढ्यासाठी आबांची गाडी कोल्हापूरला कशाला पाठवायची. धाकट्याने खर्च सोसला होता, त्याने सुधारण्याआधीच्या ५२,००० च्या निम्मे म्हणजे २६,००० थोरल्याला दिले, आईंनी आपला वाटा नको म्हणून सांगितले आणि गाडी धाकट्याच्या नावावर झाली. दोन वर्षांनी दीड लाखाला विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि मीही विचारला नाही. फेब्रुवारीत गॅरेजवाला स्वतः येऊन नव्वदपर्यंत चढला. आईंनी त्याला चहा दिला आणि मुलगा रविवारी येतो, तेव्हा त्यालाच विचारा, असे सांगितले. आबांच्या डायरीत १९९९ पासूनच्या नोंदींखाली आता धाकट्याच्या अक्षरात एक ओळ आहे : टू-टी ऑइल, एक लिटर, आणि तारीख.